तुझं पान कुठलं?

५२ पत्त्यांत पावसाचं पान नाही. पत्र येण्याचं आहे, लांबच्या प्रवासाचं आहे, अचानक मिळणाऱ्या वारशाचं आहे, वकिलाचं आहे, विधवेचं आहे. पत्त्यांवरून भविष्य बघायची रीत युरोपातल्या ज्या दिवाणखान्यांत घडली तिथं पाऊस म्हणजे फार तर छत्री विसरल्याची चुटपुट. आमच्याकडे मृग कोरडा गेला की बँकेच्या रांगेत आणि दवाखान्याच्या बाकावर दुसरा विषय नसतो. तरीही हा कॅट इथं आला, आणि परभणीच्या एका घरात दुपारच्या वेळी बायका चपला दाराबाहेर काढून त्याच्यापुढं बसू लागल्या, याचं मला अजून नवल वाटतं.

ते घर माझ्या थोरल्या आत्याचं. तिचे यजमान रेल्वेत, त्यामुळं तिचा निम्मा संसार पूर्णा जंक्शनच्या कॉलनीत झाला. मीटरगेजच्या दिवसांत पूर्णा म्हणजे इंजिनांची शेड, ड्यूटीचे भोंगे आणि कुठून कुठून बदलून आलेली माणसं. शेजारी एका गार्डचं अँग्लो-इंडियन कुटुंब होतं. त्या घरच्या बाई मूळच्या सिकंदराबादच्या. त्यांनी आत्याला केक करायला शिकवला, तो तिला कधीच जमला नाही, आणि पत्ते बघायला शिकवलं, ते मात्र पक्कं जमलं. बाई इंग्रजी आणि मोडकीतोडकी हिंदी बोलायच्या; आत्याजवळ घरची मराठी आणि निजामाच्या राज्यातल्या शाळेचं उर्दू. या दोघींमध्ये वाटेत काही अर्थ सांडले असणार, आणि सांडल्या जागी आत्यानं आपल्या पदरचे भरले असणार.

बैठक सुरू व्हायची ती पानं काढून टाकण्यापासून. दुर्री ते छक्की, चारी रंगांची मिळून २० पानं बाजूला. उरली ३२. आम्हा पोरांना त्यात काही वेगळं वाटायचं नाही. पाच-तीन-दोनला आम्हीही असाच कॅट काढायचो, फक्त दोन सत्त्या आणखी कमी करून ३०. मला वाटायचं, आत्यानं हे आमच्याच खेळातून उचललं. पुष्कळ पुढं वाचनात आलं की ही बत्तिशी फ्रान्सची आहे. तिथं ‘पिके’ नावाचा खेळ सत्तीपासून एक्क्यापर्यंतच्या पानांवर चाले. तोच कॅट घरोघरी, म्हणून भविष्यालाही तोच. पॅरिसच्या आल्येत नावाच्या गृहस्थानं आपलं आडनाव उलट्या क्रमानं लिहून ‘एतेया’ हे टोपणनाव घेतलं आणि १७७० मध्ये या ३२ पानांचे अर्थ छापले. वर तेहतिसावं एक पान त्यानं स्वतः घातलं, प्रश्न घेऊन आलेल्या माणसाचं. हे तेहतिसावं पान लक्षात ठेवा, त्याच्याकडे मला परत यायचंय.

त्याच्यामागून पॅरिसमध्येच मादमोआझेल लेनोर्मां झाली (१७७२–१८४३). तिचं नाव इतकं गाजलं की ती गेल्यावर ३६ पानांचा एक कॅट तिच्या नावानं विकला जाऊ लागला. ती पानं मुळात न्युरेंबर्गच्या एका बैठ्या खेळातली. टॅरो या चित्रांच्या कॅटचंही तेच. पंधराव्या शतकात इटलीत तो खेळायचा कॅट होता आणि त्यात मिसर देशाचं पुरातन ज्ञान दडल्याची टूम १७८१ मध्ये निघाली. म्हणजे आधी डाव, मग भविष्य. हल्ली मखमली कापडावर पानं मांडून ‘हजारो वर्षांची विद्या’ म्हणून फी घेणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही. सांगितलं तरी फी कमी होणार नाही म्हणा.

माणसांच्या वाटणीत तर गंमतच आहे. राजा, राणी, गुलाम ही माणसं. कोण कुठल्या रंगातलं, हे इंग्रजी पुस्तकं केसांवरून ठरवतात. सोनेरी केसांचे ते चौकटमध्ये, त्याहून थोडे गडद ते बदाममध्ये, तपकिरी ते किलवरमध्ये, काळेभोर ते इस्पिकमध्ये. हा नियम घेऊन परभणीच्या मोंढ्यात उभं राहावं. हमाल इस्पिक, आडत्या इस्पिक, मुनीम इस्पिक, सोयाबीनचं पोतं टेकून बसलेला शेतकरी इस्पिक. चौकटमध्ये गेलेच तर दाढीला मेंदी लावलेले एखादे हाजीसाब. पूर्णेच्या त्या बाईंनी हा नियम शिकवला असणारच, पण आत्याच्या बैठकीत केसांचा विषय मी कधी ऐकला नाही. लग्नाच्या वयातली किंवा नवी नवरी असली तर बदाम, घरचा पैसा जिच्या हातून फिरतो ती चौकट, रानात राबणारी किलवर. युरोपात म्हणे एक जुनी समजूत आहे, बदाम म्हणजे पुरोहित, इस्पिक सरदार, चौकट व्यापारी आणि किलवर शेतकरी. ती खरी असो-नसो, आत्यानं ती न वाचताच निम्मी गाठली होती.

पानं काटायची डाव्या हातानं, हा तिकडचा दंडक. डावा हात काळजाजवळचा. आमच्याकडे डाव्या हातानं कुणी प्रसाद घेत नाही, तर नशीब कोण काटणार? आत्यानं तो बदलून उजवा केला आणि विषय संपवला.

आता अर्थ. बदामची नव्वी ही इच्छापूर्तीची, सगळ्या कॅटातली सर्वात लाडकी. ती निघाली की खोलीतल्या बायका एकदम सैल व्हायच्या, जिची नव्हती तीसुद्धा. बदामचा एक्का घर. चौकटचा एक्का पत्र. तेव्हा पोस्टमन सायकलवर यायचा, आज तेच पान निघालं तर पीकविम्याचा मेसेज म्हणावं लागेल. चौकटचा गुलाम निरोप्या. किलवरची दश्शी अवचित पैसा, आत्याच्या भाषेत ‘कापसाला भाव’. इस्पिकची नव्वी सर्वात वाईट. ती आली की आत्या काही न बोलता शेजारचं पान बघायची, कारण एकटं पान काही सांगत नाही, जोडीनं सांगतं, असं तिला शिकवलेलं. पुस्तकंही हेच म्हणतात. ही मोठी सोय आहे हे आता कळतं. शेजारचं पान प्रत्येक वेळी वेगळं, त्यामुळं अर्थ कुठंही वळवता येतो.

इस्पिकच्या एक्क्याला लोक उगीच घाबरतात. तो इतका नक्षीदार का, तर इंग्लंडात पत्त्यांवर कर होता, आणि कर भरल्याची खूण म्हणून १७६५ पासून हे एक पान सरकारी स्टँप ऑफिसच छापून देई. नक्कल करणं अवघड जावं म्हणून नक्षी. नक्कल करणाऱ्याला फाशीही होती, आणि १८०५ मध्ये एकाला ती झाली. तेव्हा या पानाचा मृत्यूशी खरोखर संबंध आलाच असेल तर तो कर चुकवल्यामुळं. भविष्याच्या जुन्या इंग्रजी पुस्तकांत हाच एक्का कुठं चक्क प्रेमप्रकरणाचा आहे, उलटा पडला तर मृत्यूचा. एकाच पानाला प्रेम आणि मरण असे दोन्ही अर्थ मिळतात, तेव्हा पानात अर्थ असतो असं म्हणणाऱ्यानं थोडं थांबावं.

उलट-सुलटचाही घोळच. जुन्या पत्त्यांवर राजा-राणीला एकच डोकं असे, ती उलटी पडली की दिसे. दोन्हीकडं डोकी असलेली पानं आल्यावर ती सोय गेली. चौकटमध्ये तर एक सत्ती सोडली तर कुठलंच साधं पान उलटं पडलेलं ओळखू येत नाही, घरातला कॅट काढून बघा. म्हणून बघणारे पानांच्या एका टोकाला पेन्सिलीनं खूण करतात. आत्याच्या पानांवर काजळाचे ठिपके होते. त्या कॅटवर आम्हाला झब्बूसुद्धा खेळू द्यायची नाही.

सगळ्यात जास्त ती अडली असेल ती इस्पिकच्या राणीपाशी. पुस्तकात ही विधवा, नाहीतर कपटी, दुष्ट बाई. पॅरिसमध्ये ठीक असेल. इथं समोर बसलेल्या पाच-सहा जणींत एक-दोन कपाळं मोकळी असायचीच, आणि हे पान उघडं पडायचं तेव्हा कुणी कुणाकडे बघायचं? मामा, म्हणजे तिचे यजमान, असेतो आत्या या पानाला ‘परकी बाई’ म्हणायची आणि पुढं सरकायची. मामा गेल्यावर तिनं अर्थ बदलला. इस्पिकची राणी म्हणजे जिच्या नावावर सात-बारा आहे ती बाई. आणि हे पान आलं की समोरचीला पहिला सवाल, “नाव लागलं का गं तुझं? फेरफार झालाय का?” बहुतेक वेळा झालेला नसायचा. नवरा जाऊन दोन-दोन वर्षं झालेली, दीर म्हणतो बघू, सासरा म्हणतो घाई काय. मग पुढची दहा मिनिटं पत्ते राहायचे बाजूला आणि आत्या तिला तलाठ्याकडं जाऊन वारस नोंदीचा अर्ज कसा करायचा, मृत्यूचा दाखला कुठून काढायचा, हे समजावून सांगायची. स्वतः मामांच्या वाटणीच्या जमिनीसाठी तिनं तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या होत्या, त्यामुळं तिला सगळे कागद तोंडपाठ. भविष्य म्हणून सांगितलेलं बायका ऐकायच्या. सल्ला म्हणून सांगितलं असतं तर घरी जाऊन कुणाला विचारलं असतं. मी या विद्येवर विश्वास ठेवत नाही, पण त्या एका पानाबाबत मी अजून तिच्याच बाजूची आहे.

१९९३ साली ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर कितीतरी दिवस आत्याला एकच विचारणा होती, तुमच्या पत्त्यांत हे दिसलं न्हाई का हो? ती म्हणायची, “इस्पिकची नव्वी दर आठवड्याला कुणाला ना कुणाला येतीच की. दर आठवड्याला कुठं जमीन फाटायली?” यापुढं कुठलाही युक्तिवाद मला थिटा वाटतो. पुढं कुणीतरी हुशारानं जुळवून आणलं की सर्वाधिक पडझड झालेली गावं ५२ धरतात आणि पत्तेही ५२. आत्या ३२ च वापरायची. असे योग लावायला बसलं की लागतात. ५२ पानं म्हणजे वर्षाचे आठवडे, चार रंग म्हणजे चार ऋतू, आणि गुलाम ११, राणी १२, राजा १३ धरून सगळी बेरीज ३६४, जोकर टाकला की ३६५. हिशोब बरोबर आहे, मी करून बघितलाय. फक्त आमच्याकडे ऋतू एकतर तीन, नाहीतर पंचांगातले सहा. चार कुणी मोजत नाही.

पावसाकडे येऊ. नव्यानं आलेली एखादी विचारायचीच, “आत्याबाई, पाऊस कवा यायलाय तेवढं बघा की.” आत्या तिला पंचांगाकडं पिटाळायची. तिथं पावसाची पूर्ण व्यवस्था आहे. पाडव्याला मारुतीच्या देवळात वर्षफल वाचलं जातं, सगळं गाव ऐकतं. प्रत्येक नक्षत्राला वाहन. बेडूक, म्हैस नाहीतर हत्ती असला तर ऐकणाऱ्यांच्या माना डोलतात, कोल्हा किंवा मेंढा आला की कुणीतरी खाली बघून खाकरतं. स्वाती पडली तर मोती पिकतील, ही आशा ज्येष्ठातच करून ठेवायची. हे भविष्य सगळ्यांचं एकत्र असतं. माझ्या रानात पाऊस आणि बांधापलीकडं नाही, असं वाहन नसतं. त्यात गाव असतं, पिकं असतात, राजा-प्रजा असते, रोगराई असते. कुणाची सून नसते.

पत्त्यांना हे जमत नाही. त्यांना एक माणूस लागतं. मांडणी सुरू करायची म्हणजे आधी विचारणाऱ्याचं पान मधोमध ठेवायचं आणि बाकीची त्याच्याभोवती. एतेयानं त्यासाठीच ते तेहतिसावं पान घातलं होतं. आत्याजवळ तसं पान नव्हतं, ती त्या बत्तिशीतूनच निवडायला लावायची. तिथंच खरी पंचाईत व्हायची. बाई बसली की म्हणायची, माझं काय बघता, लेकराचं बघा. नाहीतर मालकाचं. नाहीतर नणंदेच्या लग्नाचं. आत्या पानं पिसता पिसता म्हणायची, “लेकराचं बघायचं तर लेकराला आण. आता बसलीस तू. तुझं पान कुठलं?”

हा प्रश्न ऐकून माणूस कसं गडबडतं ते मी कोपऱ्यात बसून पुष्कळदा पाहिलंय. काही हसायच्या. काही शेजारणीला विचारायच्या, माझं कोणतं गं? एकीनं सरळ सांगितलं होतं, तुम्हीच ठेवा कोणतंबी.

गंगाखेडकडची एक बाई मला आठवते. दिवाळीनंतर जोडीनं ऊसतोडीला जायची, पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की परत. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, म्हणजे हिशोबात ती घेतो नवरा. एकटं माणूस असलं तर अर्धा कोयता. तिनं बराच वेळ पानं न्याहाळून किलवरची राणी उचलली, सतरंजीवर मधोमध ठेवली आणि विचारलं, “ही एकलीच? बाजूला राजा नको का ठेवायला?”

“राजा यायचा असंल तर येईल आपल्या पायानं पानांत,” आत्या म्हणाली. “तू काट.”

मग ढिगाऱ्या लागायच्या. एक तुझी स्वतःची, एक घराची, एक वाट बघतेस त्याची, एक ध्यानीमनी नाही त्याची, एक नक्की येणाऱ्याची. हीसुद्धा जुनी इंग्रजी चाल. त्या बाईच्या पानांत राजा आला की नाही ते मला आठवत नाही. घराची ढिगारी ती ऐकत होती. स्वतःची उघडली तेव्हा पुढं सरकून बसली, एवढं आठवतं. एरवी तिला घरी, फडात, दवाखान्यात ‘तुझं काय’ असं कुणी विचारत असेल असं वाटत नाही. पत्ते खोटं बोलत असतील, पण बोलायचे तिच्याशी. मानसशास्त्र शिकलेले लोक याला काही नाव देतील. मला एवढंच दिसतं की ज्या परक्या कॅटात आमचा पाऊस नव्हता, त्यात बाईला बसायला जागा होती, आणि आमच्या पंचांगात पाऊस होता पण तिला जागा नव्हती.

पुरुष यायचे नाहीत. त्यांचे पत्ते वेगळे. पोळ्याच्या आसपास शेतातल्या आखाड्यावर तिर्रट बसायचा, कधी झन्नामन्ना, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात ‘तिर्रट जुगारावर धाड, मुद्देमाल जप्त’. एकदा गल्लीतला एक जण आत्याकडं आला तो उद्या पानं कशी पडतील ते विचारायला. तिनं त्याला चहा दिला आणि त्याच्या बायकोला पाठवून द्यायला सांगितलं.

पैसे ती घ्यायची नाही. कुणी भुईमुगाच्या शेंगा आणायचं, कुणी हुरडा, कुणी देवापुढं सव्वा रुपया ठेवायचं. अमावस्येला बंद, श्रावण सोमवारी बंद, आणि तिची कंबर दुखत असली की बंद. शेवटच्या वर्षांत दिसायला कमी झालं तेव्हा ती पानं बोटांनी चाचपून आम्हाला विचारायची, काय आलंय? आम्ही सांगायचो. कधीमधी इस्पिकची नव्वी गाळली जायची, असा मला माझ्या चुलतभावावर संशय आहे.

आत्याची नात सध्या लातूरला आहे, नीटच्या तयारीला. तिथल्या क्लासच्या गल्ल्यांत दिवसाला बारा-बारा तास अभ्यास करणारी पोरं रात्री झोपण्याआधी काय बघतात, तर फोनवर टॅरोच्या रील. तिनं मला एक दाखवली. तीन ढीग मांडलेले, एक निवडा म्हणे. ‘हा व्हिडिओ तुमच्यापर्यंत पोचला म्हणजे तो तुमच्यासाठीच आहे.’ खाली हजारो जणांनी दुसरा ढीग निवडलेला, हजारोंना तेच पान, तोच अर्थ, आणि प्रत्येकानं खाली ‘क्लेम’, म्हणजे हे माझंच, असं लिहिलेलं. पाडव्याचं वर्षफल निदान एका गावापुरतं असतं. हे अख्ख्या देशाला एकच, आणि वर ‘तुमच्यासाठीच’.

मी तिच्या आजीची रीत तिला सांगितली. हॉस्टेलवर कुणाकडं तरी पत्त्यांचा कॅट निघाला, रेक्टरना सापडू नये म्हणून फिजिक्सच्या गाइडमागं ठेवलेला. आम्ही दुर्री ते छक्की बाजूला काढली. मी म्हटलं, हं, निवड. बदामची राणी घे, तुझ्या वयाला आजीनं तीच दिली असती.

“राणी कशाला?” ती म्हणाली. “मला इतक्यात लग्न नाही करायचं. तो चौकटवाला गुलाम दे.”

“तो निरोप्या आहे. पत्र घेऊन येणारा पोऱ्या.”

“मग तर तोच. ७२० पैकी किती पडले, तो निरोप मीच घेऊन जाणारे ना घरी.”

आणि तिनं तो मधोमध ठेवला, थोडा तिरका, आणि पानं पिसायला घेतली. पिसता येत नव्हतं तिला. अर्धी पानं गादीवर पडली. तिची रूममेट म्हणाली, पडलेली पण मोजायची का?

“मोज,” मी म्हटलं, “पण आधी तुझं पान सांग.”